भावोजींच्या कॉलरला हात

“मासो कधी पाण्यात बुडता काय गो?” भावोजींनी सुलूताईला विचारलं आणि एक पाय ड्रायसूटात घालून दुसऱ्या पायावर नाचायला लागले.

सुलूताई हसली नाही. ती धक्क्याच्या कठड्याला टेकून उभी होती. अंगावर माझं जाड जॅकेट, त्यावर तिची शाल, कानांना मफलर, हातात चहाचा थर्मास. तिने माझ्याकडे बघितलं.

“दिगू, जसे नेतंस तसे हेंका परत हाड. माका बाकी काय नको.”

“हाडतंय गो.”

“माझी शपथ?”

“तुझी शपथ.”

सकाळचे साडेनऊ वाजले होते. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचं पोर्टकेर्न नावाचं छोटं बंदर. महिना मे, पण तिथला मे म्हणजे दोन स्वेटर घालून वर शिव्या द्यायचा महिना. बंदराच्या फळ्यावर खडूने पाण्याचं तापमान लिहिलं होतं : आठ अंश. आमच्या डायव्हिंग क्लबचे सहा जण आणि पाहुणे म्हणून भावोजी, असे आम्ही सात जण त्या दिवशी पाण्यात उतरणार होतो.

भावोजी म्हणजे जनार्दन खोबरेकर, मालवणजवळच्या एका हायस्कुलाचे निवृत्त हेडमास्तर. वय एकसष्ट. माझे वडील गेले तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि ताई माझ्याहून सोळा वर्षांनी मोठी. तिच्या सासरी मी वाढलो. भावोजींनी मला पोहायला शिकवलं, गणित शिकवलं, आणि दोन्ही वेळा सारखंच झोडपलं. निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रेला जातात, हे तारकर्लीला जाऊन स्कूबा डायव्हिंग शिकले. चाळीस-पन्नास वेळा समुद्राखाली जाऊन आले होते. त्यामुळे इकडे स्कॉटलंडात मला झालेल्या मोठ्या अपघातानंतर दोन वर्षांनी व्हिसाचं जमून दोघं मला बघायला आले, तेव्हा माझ्या पायातल्या सळईची चौकशी झाल्यावर भावोजींचा दुसरा प्रश्न होता, “तुमच्या हंयचो दर्यो केदवा दाखवतंस?”

पण मालवणचा समुद्र वेगळा आणि हा वेगळा. तिथे चड्डी-बनियनवर उतरलं तरी चालतं. इथे ड्रायसूट लागतो, म्हणजे पाणी आत येऊ न देणारा अंगभर पोशाख. आत लोकरीचे कपडे घालायचे, वर सूट चढवायचा. मानेला आणि मनगटांना घट्ट रबरी कॉलर असते आणि सगळा खेळ त्या कॉलरवर. तिच्याखाली एक केस जरी आला, तरी पाणी आत झिरपायला लागतं.

आमची म्होरकी मॉयरा हेच तेव्हा ओरडून सांगत होती. पन्नाशीची, लाल गालांची, मासेमारांच्या घरातली बाई. “कॉलरखाली काही नको! साखळी नको, ताईत नको, केस नको. प्रत्येकाने आपल्या जोडीदाराच्या कॉलरभोवती बोट फिरवून बघायचं. मी विचारणार आहे.”

भावोजींचा जोडीदार मी. वळून बघितलं तर भावोजींनी कॉलर स्वतःच बसवून, वर डोक्याचं टोपडंही चढवलं होतं. टोपडं मानेपर्यंत येतं, त्यामुळे खालचं काही दिसत नव्हतं.

“भावोजी, टोपडा जरा वर करा. कॉलर बघूची असा.”

“मी बघलंय.”

“तसा नाय, दुसऱ्यान बघूचा असता.”

“अरे, गेल्या आठवड्यात तुमच्या त्या तलावात सूट घालून पोवलंय मा? थेंब तरी आत इलो? आता माझ्या मानेत हात घालतलंस?”

भावोजींच्या मानेत मी हात घालणार? ज्या माणसासमोर मी अजून पाय दुमडून बसत असे, त्याच्या कॉलरला हात? माझं बोट उचललंच नाही. तेवढ्यात मॉयरा आली.

“दिगंबर, बघितलंस? काही दोरा-बिरा?”

मी हसलो. “मॉयरा, या माणसाने आयुष्यभर दुसऱ्यांचे दोरे कापलेत.”

ते खरंही होतं. परीक्षेच्या दिवशी मुलं मनगटाला गंडे बांधून यायची. भावोजी दारात कात्री घेऊन उभे राहायचे. “दोरो गणितां सोडवता काय? मगे दोऱ्याकच बसव बाकावर!” गावच्या रवळनाथाच्या देवळात ताई आत जायची तेव्हा भावोजी बाहेर पारावर हाताची घडी घालून पेपर वाचत बसायचे. अख्खी पंचक्रोशी त्यांना ‘नास्तिक मास्तर’ म्हणायची आणि ते त्यांना शाल-श्रीफळ मिळाल्यासारखं वाटायचं. अशा माणसाच्या गळ्यात काय असणार? मी मॉयराला अंगठा आणि बोट जुळवून ‘ठीक’ची खूण केली. खोटं बोललो असं मला तेव्हा वाटलंही नाही.

आम्ही धक्क्याच्या पायऱ्यांवरून पाण्यात उतरलो.

गालांना थंडीने चिमटा काढला, पण खाली गेल्यावर भावोजींचे डोळे काचेमागे लखलखले. बारा मीटरवर तळ होता. उंच तपकिरी समुद्रवेली डोलत होत्या, खडकांवर पांढऱ्या-केशरी मऊ बोटांसारखं काहीतरी उगवलं होतं, आणि एका कपारीत एक दात पुढे आलेला, म्हाताऱ्या सावकारासारख्या तोंडाचा मासा बसला होता. भावोजींनी त्याला नमस्कार केला. खरंच केला, दोन्ही हात जोडून. मला हसू आलं आणि मास्कमध्ये पाणी शिरलं.

दहा मिनिटं मजेत गेली. मी अधूनमधून ‘ठीक?’ विचारत होतो, ते ‘ठीक’ म्हणत होते. मग एकदा विचारलं तर उत्तर यायला वेळ लागला. त्यांनी अंगठा आणि बोट जुळवायचा प्रयत्न केला आणि ते जुळेना. शेवटी त्यांनी नुसता हात हलवला.

मी जवळ गेलो. दोन्ही हातांनी स्वतःचे दंड चोळून विचारलं, थंडी वाजते? त्यांनी मान हलवली : छे. मी अंगठा वर केला, म्हणजे वर जाऊ या. त्यांनी हवेचं मीटर माझ्यासमोर धरलं. अर्ध्याहून जास्त हवा शिल्लक आहे, कशाला जायचं? आणि पुढे निघालेसुद्धा.

त्यांच्या हातातली बॅटरी सुटली होती. मनगटाला दोरीने बांधलेली असल्यामुळे ती खाली लोंबत होती, खडकांवर आपटत होती, आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता. पाय जड झाल्यासारखे खाली ओढले जात होते. सूट आतून भिजला होता, हे मला त्या क्षणी कळलं. 

नियमाने कुणीही, कधीही, कारण न देता डाइव्ह थांबवू शकतो. पण नियम करणाऱ्यांना आमचे भावोजी कुठे माहीत होते? ताप एकशे तीन असताना त्यांनी स्नेहसंमेलन पार पाडलं होतं. मी ओढायला गेलो असतो तर त्यांनी हात झटकला असता, आणि बारा मीटर खाली झटापट म्हणजे दोघांचाही शेवट. माझ्या डोळ्यांसमोर धक्क्यावरची ताई आली. थर्मास धरून उभी असलेली.

मग मला सुचलं ते केलं. मी त्यांच्या समोर गेलो, डावा कान धरला, डोळे मोठे केले आणि तळहात आडवा हलवला : मला काहीतरी होतंय. मला बरं वाटत नाही.

भावोजी जागच्या जागी थांबले. माझ्याकडे रोखून बघितलं. मग पुढे येऊन त्यांनी माझा दंड पकडला. ती पकड मी ओळखत होतो. आठव्या वर्षी मालवणच्या दांडीच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा पाय टेकेनासे झाले, तेव्हा हाच हात असाच दंडाला होता. बोटांत जोर उरला नव्हता म्हणून त्यांनी कोपराच्या बेचक्यात माझा हात आवळून धरला. अंगठा वर केला. आता ते मला वर नेणार होते.

मनात म्हटलं, न्या. त्यांच्या सुटावरच्या, हवा भरून तरंगवणाऱ्या जॅकेटमधली हवा मीच हळूहळू कमीजास्त करत होतो, त्यांचं वजन मीच पेलत होतो. वर येताना रक्तात मुरलेला वायू निघून जावा म्हणून पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं, असा क्लबचा नियम. त्या तीन मिनिटांएवढा वेळ मी आयुष्यात कधी मोजला नाही. त्यांचं अंग थडथड उडत होतं, आणि तरी नजर माझ्या डोळ्यांवरून हलत नव्हती. आजारी माणसावर लक्ष ठेवावं तशी.

पाण्यावर आलो. मी त्यांचं जॅकेट फुगवलं. तोंडातली नळी निघाली तशी निळ्या ओठांतून ते म्हणाले, “भि... भियाव नको. मी असंय.”

“व्हय भावोजी.”

धक्का साठ-सत्तर हातांवर होता. बाहेरून बघणाऱ्याला कोण कोणाला ओढतोय ते सांगता आलं नसतं. पायऱ्यांशी पोचलो तेव्हा त्यांना उभंच राहता येईना. सुटाच्या पायांत पाण्याच्या घागरी भरल्या होत्या. शेवटी उतरायचं म्हणून धक्क्यावर थांबलेल्या मॉयराने वरून बघितलं आणि ती सिलिंडरसकट पायऱ्या उतरून आली. आम्ही दोघांनी मिळून त्यांना वर घेतलं, गाडीच्या आडोशाला बसवलं. मॉयराने सुटाची चेन उघडली आणि पाणी भसाभस बाहेर आलं. ती घोंगड्या आणायला वळली. मी त्यांचं टोपडं काढलं.

कॉलरच्या कडेखालून काळा दोरा डोकावत होता.

पीळ दिलेला, गळ्यात बांधलेला. आत ढकललेला, पण सूट चढवताना वर सरकला असणार. त्याची सुपारीएवढी गाठ बरोबर कॉलरखाली अडकली होती आणि तिथे बोटभर फट पडली होती.

मी भावोजींकडे बघितलं. भावोजींनी माझ्याकडे बघितलं. त्या माणसाच्या नजरेत मी राग बघितला होता, विनोद बघितला होता, एकदाच पाणी बघितलं होतं, माझ्या वडिलांच्या दहाव्याला. लाज कधी बघितली नव्हती. मागून ताईच्या चपलांचा आवाज येत होता. ती धावत होती.

माझ्या पट्ट्याला सुरी होती. मी दोरा कापला आणि मुठीत दाबून धरला.

“काय झाला? अवो, काय झाला तुमका?”

“काय नाय गो,” भावोजी दातांवर दात आपटत म्हणाले. “दिगूचो कान दु... दुखाक लागलो. मी वर हाडलंय तेका.”

मॉयराने त्यांना घोंगड्यांत गुंडाळलं, ओले कपडे काढून कोरडे चढवले, गोड चहा पाजला. ताई त्यांचे तळवे चोळायला निघाली तर तिला मॉयराने थांबवलं, नुसते झाकून ठेव म्हणाली. मग मला बाजूला घेतलं.

“ते कुडकुडतायत ना? मग चांगलं आहे. कुडकुडणं थांबलं असतं तर मी हेलिकॉप्टर मागवलं असतं. आणखी दहा मिनिटं खाली राहिला असतात, तर थांबलंच असतं. काय होतं कॉलरखाली?”

“मी बघितलं नव्हतं,” मी म्हणालो. “बोट फिरवलं नाही. चूक माझी.”

तिने माझ्या बंद मुठीकडे बघितलं आणि काही विचारलं नाही. पण पुढचे दोन महिने तिने मला कुणाचा जोडीदार होऊ दिलं नाही. ते बरोबरच केलं.

दुपारपर्यंत भावोजींना रंग चढला. आम्ही भाड्याने घेतलेल्या घराच्या बैठकीत हीटरसमोर ते तीन पांघरुणं घेऊन बसले होते. स्वयंपाकघरात ताई पेज करत होती. त्यांच्या गालांवर लाली बघून मी त्यांच्या पायांशी जमिनीवरच बसलो. वाचलो. दोघेही वाचलो. मला हसूही येत होतं आणि रडूही.

मी मूठ उघडली. दोरा अजून ओला होता.

“भावोजी, ह्यो खंयचो?”

त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे एक नजर टाकली. मग हळू आवाजात म्हणाले, “रवळनाथाचो.”

“तुमी? देवळात?”

“तुझो अपघात झालो तेवा. नऊ दिवस तू शुद्धीत नव्हतंस. आमका व्हिसा मिळाना. रोज फोन करी. डॉक्टर काय सांगी ता माका समजा, पण ऐकवाना. तुझी ताय जेवाना. नवव्या दिवशी मी गेलंय. पारावर नाय बसलंय, आत गेलंय. गुरवान गाऱ्हाणा घातल्यान. लोक ‘व्हय म्हाराजा’ म्हणत होते. तेंच्यात सगळ्यात मोठ्यान कोण म्हणी होतो, सांग?”

मी दोरा बोटांभोवती गुंडाळला.

“गुरव म्हणालो, पोरगो बरो होतलो तेवा तेच्याच हातान दोरो सोडूचो. धाव्या दिवशी तू डोळे उघडलंस. आता ते डॉक्टरांच्या औषधान उघडलंस, ता काय माका कळत नाय? विज्ञान शिकवलंय मी. पण काढूक हात होयना. म्हटला, काढलंय आणि तुका काय झाला तर?” त्यांनी नाक ओढलं. “चौतीस वर्सां पोरांचे दोरे कापलंय, आणि ह्या वयात ह्या. कोणाक सांगतलंय?”

माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. त्या माणसाने माझ्या जिवासाठी स्वतःची हेडमास्तरकी देवाच्या उंबऱ्यावर काढून ठेवली होती. आणि तोच दोरा आज त्यांना घेऊन चालला होता.

“मी कापलंय तो,” मी म्हणालो. “सोडूचो होतो, मी कापलंय.”

भावोजींनी दोरा हातात घेतला, उलटसुलट केला.

“तुझ्या हातान जावचो होतो. तुझ्याच हातान गेलो. आता सुरीन गेलो काय नखान गेलो, रवळनाथ काय पंचनामो करूक येतलो?” मग दाराकडे बघून घाईने म्हणाले, “सुलूक सांगू नको.”

“काय सांगू नको?” पेजेचा वाडगा घेऊन ताई दारात उभी होती.

भावोजींनी दोरा पांघरुणाखाली सरकवला. ताईने वाडगा त्यांच्यासमोर ठेवला, त्यावर लोणच्याची फोड ठेवली आणि कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

“दोन वर्सां तेंचे बनियान मी धुतंय, आंघोळीक टॉवेल मी देतंय. माका दोरो दिसलो नाय असतलो?”

भावोजींचं तोंड उघडं राहिलं. “मगे बोललंस कित्याक नाय?”

“तुमका लाज वाटात म्हणान,” ताई म्हणाली. “खावा आता. निवता ती.”

एवढं बोलून ती आत गेली, आणि आत गेल्यावर नळ सोडून बराच वेळ रडली. नळाच्या आवाजात ऐकू येत नाही असा तिचा लहानपणापासूनचा समज आहे.

याला आता आठ वर्षं झाली. भावोजी एकोणसत्तरचे आहेत. स्कॉटलंडच्या पाण्यात भावोजींनी दिगूला कसं वाचवलं ही गोष्ट गावात मला निदान वीस जणांनी ऐकवली. दर वेळी खोली वाढत असते. गेल्या खेपेला तीस मीटर झाली होती. मी प्रत्येकाला सांगतो, व्हय, खरं आहे.

गेल्या जानेवारीत मी घरी आलो आणि आम्ही दोघं तारकर्लीहून होडीने बाहेर पडलो. होडीत आमच्याबरोबर होडी चालवणारा तांडेल होता, आणि तो नांगराच्या भानगडीत होता. भावोजींनी पातळ, अर्ध्या बाह्यांचा सूट चढवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “फुडच्या खेपेक ता कानाचा नाटक करू नको. सरळ सांग.”

मी चपापलो. “तुमका म्हायत होता?”

“अरे, मी हेडमास्तर. खरी पोटदुखी खंयची, खोटी खंयची, माका कळूची नाय?”

“मगे ऐकलात कित्याक?”

“पोटदुखी खोटी असली तरी पोराक घराक धाडूचा असता. काय तरी खरा असल्याशिवाय पोरगो खोटा बोलना नाय.” त्यांनी सिलिंडर सरळ केला. “तुझ्या डोळ्यांत बघलंय तेवा. दुखना काय नव्हता. भय होता. माझ्यासाठी.”

समुद्र निवांत होता, कोमट होता. त्या पाण्यात आणि त्या सुटात कॉलर तपासायची काही गरज नव्हती. त्याला घट्ट कॉलरच नव्हती मुळी. पण भावोजी माझ्या समोर येऊन बसले आणि त्यांनी हनुवटी वर केली.

“बघ,” ते म्हणाले. “बोट फिरव.”

मी फिरवलं. डाव्या कानाखालून सुरू करून मागून उजव्या कानापर्यंत, सावकाश, मॉयराने शिकवलं होतं तसं. गळ्यात काही नव्हतं. मान उन्हाने चांगली गरम झाली होती.